हेलसिंकीतलं मोटरस्पोर्ट आणि गाड्यांचं वेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-शिक्षणासाठी हेलसिंकी आणि शेजारच्या एस्पो, वांता या शहरांत येणाऱ्या मराठी मंडळींत फॉर्म्युला वन आणि रॅलीचे (बंद ट्रॅकऐवजी साध्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्यानं, वेळेशी चालणाऱ्या शर्यतीचे) चाहते भरपूर असतात. हाक्किनेन आणि रायकोनेनच्या देशात आलो म्हणजे गल्लोगल्ली इंजिनांचा आवाज ऐकू येईल, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात भेटतं ते ट्रॅमचं, सायकलींचं, 30 च्या वेगमर्यादेचं शांत शहर. मग प्रश्न पडतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हेलसिंकीत फॉर्म्युला वनची शर्यत कधी झाली आहे का?

नाही. फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद मालिकेची शर्यत हेलसिंकीत काय, फिनलंडमध्येच कधी झालेली नाही. या देशानं तीन विश्वविजेते दिले: केके रोस्बेर्ग (1982), मिका हाक्किनेन (1998 आणि 1999) आणि किमी रायकोनेन (2007). पण घरच्या प्रेक्षकांसमोर जागतिक मालिकेची शर्यत खेळायचं भाग्य तिघांपैकी एकालाही लाभलं नाही.

मग शहरात शर्यती झाल्याच नाहीत का?

झाल्या, आणि जोरात झाल्या. 1932 साली ऑलिम्पिक स्टेडियमच्या परिसरातल्या एलाइन्तार्हा या बागेतल्या रस्त्यांवर पहिली शर्यत भरली. स्टेडियम तेव्हा उभंही राहिलेलं नव्हतं. साधारण 2 किलोमीटरची फेरी, दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच चढउतार, आणि प्रेक्षक थेट रस्त्याच्या कडेला किंवा खडकांवर चढून बसलेले. गाड्यांबरोबर मोटारसायकलींच्याही शर्यती होत. युद्धाच्या वर्षांत खंड पडला, नंतर पुन्हा सुरुवात झाली, आणि वसंतातली ही शर्यत म्हणजे शहराचा सणच होऊन बसला. लांबलचक हिवाळा संपलाय, बर्फ वितळलंय, हजारो लोक बागेकडे निघालेत. त्या काळी हेलसिंकीकरांना उन्हाळ्याची चाहूल लागायची ती अशी.

एका वळणाला लोक ‘मृत्यूचं वळण’ म्हणत. या नावातच त्या शर्यतीचा शेवट लिहिलेला होता. गाड्या दरवर्षी वेगवान होत गेल्या, झाडं मात्र होती तिथेच राहिली. 1963 च्या शर्यतीत एका स्वीडिश चालकाचा जीव गेला आणि त्यानंतर एलाइन्तार्हात पुन्हा शर्यत झाली नाही. माझ्या मते हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. चाहता म्हणून वाईट वाटतं, पण लोकांच्या बागेत, झाडांच्या मधून त्या वेगानं गाड्या सोडायचे दिवस तेव्हा सरले होते.

आज तिथे गेलं तर काय दिसतं?

रस्ते बरेचसे तसेच आहेत. पासिलाच्या दिशेनं जाणारी लोहमार्गाची कडा, त्याच्या अलीकडे बाग, बागेतून वळत जाणारा डांबरी रस्ता. त्यावर आता लोक कुत्री फिरवतात, शाळेतली मुलं मैदानाकडे जातात. चालत फेरी मारली तर अर्ध्या तासात होते. एका ठिकाणी रस्ता उतरता उतरता वळतो, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला भलीमोठी झाडं उभी आहेत. तिथे थांबून पाहा. सीटबेल्ट नाही, चामडी टोपी आणि गॉगल घातलेला माणूस, सायकलच्या टायरइतकेच अरुंद वाटणारे टायर. त्या काळच्या चालकांची छाती केवढी असेल ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं, छायाचित्रं बघून नाही.

कर्ट लिंकन हे नाव सारखं वाचायला मिळतं. कोण हा माणूस?

एलाइन्तार्हाचा राजा. ही शर्यत त्यानं अनेकदा जिंकली. आणि हा माणूस फक्त चालक नव्हता, टेनिसमध्ये डेव्हिस कपला फिनलंडकडून खेळलेला होता. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात स्टिअरिंग, आणि दोन्हीकडे देशातल्या अव्वल खेळाडूंत गणना.

त्याची मुलगी नीना ही मॉडेल होती. तिचं लग्न झालं योखेन रिंट या ऑस्ट्रियासाठी खेळणाऱ्या चालकाशी. 5 सप्टेंबर 1970 रोजी इटलीत मोंझाला सरावाच्या वेळी रिंटचा मृत्यू झाला. उरलेल्या शर्यतींत त्याचे गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत आणि तो मरणोत्तर विश्वविजेता ठरला. आजवरचा एकमेव. ती ट्रॉफी स्वीकारायची वेळ हेलसिंकीच्या या मुलीवर आली. फॉर्म्युला वनच्या इतिहासातलं हे सगळ्यात दुःखद पान, आणि त्याचा एक धागा एलाइन्तार्हाच्या बागेशी असा जोडलेला आहे.

बागेतली शर्यत बंद झाल्यावर हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला लिंकन नव्हता. शर्यतीसाठी वेगळी जागा हवी म्हणून त्यानं पुढाकार घेतला आणि शहराबाहेर केइमोला उभं राहिलं.

केइमोला म्हणजे काय? अजून आहे का?

विमानतळ ज्या वांता शहरात आहे, त्याच्याच हद्दीत 1966 मध्ये उघडलेलं हे सर्किट. लांबी सुमारे 3.3 किलोमीटर. सुरुवातच दणक्यात झाली. 1966 साली फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) शर्यत जॅक ब्रॅबम जिंकून गेला, 1967 साली जिम क्लार्क. त्या वेळचे जगातले सर्वोत्तम चालक या झाडीत येऊन गाडी चालवत होते.

पुढे इंटरसिरीज या युरोपातल्या मालिकेतल्या अजस्र इंजिनांच्या गाड्या इथे धावल्या. ती मालिका लेओ किनुनेननं पोर्श 917 घेऊन 1971, 1972 आणि 1973 अशी सलग तीनदा जिंकली. किनुनेन हेलसिंकीचा नव्हे, ताम्पेरेचा. पण केइमोलाचा विषय निघाला की जुनी माणसं पहिलं नाव त्याचंच घेतात. 1974 मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेला तो पहिला फिन. चेहरा उघडा ठेवणारं जुन्या पद्धतीचं हेल्मेट घालून फॉर्म्युला वनची शर्यत खेळलेला तो शेवटचा चालकही आहे.

1978 मध्ये केइमोला बंद पडलं. नंतरची कितीतरी वर्षं तिथे झुडपं वाढली, डांबराला भेगा गेल्या, नियंत्रण मनोऱ्यावर ग्राफिटीची रंगरंगोटी झाली. आता त्या जागी केइमोलानमाकी नावाची वसाहत आहे. मनोरा मात्र पाडला नाही, तो जपला. घरांच्या रांगांमधून तो डोकं वर काढून उभा दिसतो. वसाहत उभारताना तो तसाच ठेवायचं ज्यांनी ठरवलं, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

1990 च्या दशकात शहराच्या मध्यभागी शर्यत झाली होती म्हणे?

झाली होती. 1995 ते 1997 अशी तीन वर्षं, हाकानिएमी आणि मेरिहाकाच्या आसपास, समुद्राला लागून, वीजकेंद्राच्या सावलीत. पहिली दोन वर्षं टूरिंग कारच्या (नेहमीच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या) आंतरराष्ट्रीय मालिकेसाठी. 1996 मध्ये जर्मनीच्या हान्स-योआखिम श्टुकनं ओपेलमधून इथल्या दोन्ही शर्यती जिंकल्या. 1997 मध्ये जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्या, आणि फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या फॉर्म्युला 3000 गाड्या आल्या.

त्या 1997 च्या जीटी शर्यतीत एस्पोचा जेजे लेहतो आणि ब्रिटनचा स्टीव्ह सोपर ही जोडी बीएमडब्ल्यू इंजिनच्या मॅक्लारेन एफ-1 मधून पहिली आली. घरचा माणूस घरच्या रस्त्यावर जिंकला. लेहतोची ओळख आज बऱ्याच लोकांना नसते, म्हणून सांगतो: 1995 आणि 2005 अशी दोनदा ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघांत तो होता, आणि 1995 च्या विजयात रात्रीच्या पावसात त्यानं चालवलेल्या गाडीबद्दल जाणकार अजून बोलतात.

1997 नंतर शहराच्या रस्त्यांवर पुन्हा तशी शर्यत झाली नाही. त्या भागात आता नवी घरं, सायकलमार्ग, ट्रॅम असं सगळं झालं आहे.

हाक्किनेन आणि रायकोनेन हेलसिंकीचेच ना?

नेमकं सांगायचं तर शेजारचे. हाक्किनेन वांतातल्या मार्तिनलाक्सोचा, रायकोनेन एस्पोचा. लोकल गाडीनं हेलसिंकी स्टेशनवरून मार्तिनलाक्सोला जाता येतं. उतरल्यावर दिसते ती पुण्यामुंबईच्या जुन्या सोसायट्यांसारखी साधी, चौकोनी इमारतींची वस्ती. श्रीमंती थाट नाही.

हाक्किनेन पाच वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला भाड्याच्या गो-कार्टमध्ये बसवलं, तर पहिल्याच फेरीत त्यानं अपघात केला. लागलं नाही, आणि पोरानं हट्ट सोडला नाही. मग वडिलांनी त्याला एक जुनी कार्ट घेऊन दिली. त्या कार्टवर आधी हेन्री तोइवोनेन शर्यती खेळलेला होता. हा हेन्री म्हणजे रॅलीच्या जगातला सगळ्यात तेजस्वी आणि सगळ्यात लवकर विझलेला तारा, 1986 मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत अपघातात गेला. त्याचे वडील पाउली तोइवोनेन 1966 चे माँटे कार्लो विजेते. आणि पुढे हाक्किनेन आणि लेहतो या दोघांचं व्यवस्थापन पाहिलं ते केके रोस्बेर्गनं.

फिनिश मोटरस्पोर्ट समजून घ्यायचं तर ही साखळी लक्षात ठेवा. एकाची जुनी कार्ट दुसऱ्याकडे जाते, आधीचा विजेता पुढच्याला हात देतो. पैसेवाल्या घराण्यांचा खेळ म्हणून तो इथे वाढला नाही.

रायकोनेनचं उदाहरण तर आणखी वेगळं. 2001 मध्ये सॉबर संघानं त्याला घेतलं तेव्हा त्याच्या नावावर कार्टिंग सोडून फक्त 23 शर्यती होत्या. याला परवाना द्यावा का, यावर वाद झाला. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत त्यानं सहावं स्थान घेऊन गुण मिळवला. वाद तिथेच मिटला.

आणि खास हेलसिंकीत जन्मलेले?

रॅलीवाले. टिमो माकिनेन, मार्कू आलेन, टिमो सालोनेन हे तिघंही हेलसिंकीचे.

माकिनेननं 1965 ची माँटे कार्लो रॅली तुफान हिमवर्षावात मिनी कूपरमधून जिंकली. पुढच्या वर्षी मिनी गाड्या पहिल्या तिन्ही क्रमांकांवर आल्या, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद ठरवल्या गेल्या आणि विजय सिट्रोएन चालवणाऱ्या पाउली तोइवोनेनला देण्यात आला. असा विजय पाउलीला नको होता. तो पुन्हा कधी सिट्रोएनसाठी चालवायला गेला नाही. 1967 च्या थाउजंड लेक्स (आजच्या रॅली फिनलंड) रॅलीत माकिनेनच्या मिनीचं बॉनेट उघडून काचेवर आलं, समोरचं काही दिसेना, तर हा पठ्ठ्या डोकं खिडकीबाहेर काढून चालवत राहिला आणि रॅली जिंकला.

आलेन म्हणजे लान्चा या इटालियन गाड्यांचा माणूस. 1986 मध्ये तो अकरा दिवस विश्वविजेता होता. मग सान रेमो रॅलीचा निकाल रद्द झाला आणि किताब युहा कांकुनेनकडे गेला. अधिकृत अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. माझ्यासारख्या कित्येकांच्या यादीत तो तरीही वरच आहे.

सालोनेन 1985 चा विश्वविजेता, पेजो 205 मधून. जाड भिंगाचा चष्मा, स्थूल अंग, तोंडात सिगारेट. बघून कोणी म्हणालं नसतं, पण हात स्टिअरिंगवर गेला की अत्यंत सफाईदार.

जेमतेम छप्पन लाखांच्या देशातून इतके चालक निघतात कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं सगळ्यात आवडतं उत्तर म्हणजे ‘बर्फ आणि कच्चे रस्ते’. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. बर्फ नॉर्वेतही पडतं, कॅनडातही पडतं.

माझं उत्तर आहे ‘योक्किस’. हा सर्वसामान्यांसाठीचा शर्यतीचा प्रकार. छोटं मातीचं सर्किट, जुनी, रस्त्यावरून बाद झालेली गाडी. आतल्या सीट, अस्तर, काचा सगळं काढून टाकलेलं, सुरक्षेसाठी लोखंडी पिंजरा बसवलेला, चालकाच्या खिडकीला जाळी. वयाच्या पंधराव्या वर्षापासून भाग घेता येतो. रस्त्यावर मोटार चालवायचं लायसन मिळायच्या आधीच पोरंपोरी इथे दाराला दार घासत वळणं घ्यायला शिकतात.

आता यातली खरी गंमत ऐका. शर्यत संपल्यावर तिथल्या कोणत्याही गाडीला एका ठराविक, ठरवून दिलेल्या किमतीत मागणी घालता येते. मागणी घालणारे एकाहून जास्त असले तर चिठ्ठी काढतात. आणि मालकाला ‘नाही’ म्हणता येत नाही; नकार दिला तर परवान्यावर गदा येते. परिणाम काय होतो? गाडीत लाखो रुपये ओतून काही उपयोग नाही, कारण जिंकलात तर संध्याकाळी कोणीतरी ती ठराविक पैशांत घेऊन जाईल. मग फरक कशानं पडतो? वेल्डिंग किती सुबक केलंय, टायर कसे निवडलेत, आणि हात किती तयार आहे यानं. मला हा नियम मोटरस्पोर्टच्या जगातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. बापाचा खिसा मोठा म्हणून पोरगं पुढे, हा प्रकार तो पहिल्याच पायरीवर रोखतो.

अशा शर्यतींना एकदा तरी जाऊन बघा. हिरवळीवर लावलेल्या ट्रेलरच्या रांगा, सॉसेज भाजल्याचा वास, बॉनेटखाली डोकं घालून बसलेली आई आणि बाजूला पाना घेऊन उभी असलेली मुलगी. फेरी संपवून आलेल्या गाडीचा पुढचा बंपर लोंबतोय, तो दोन जण मिळून तारेनं बांधतायत, कारण पुढची फेरी वीस मिनिटांवर आलेली असते. यातल्या बहुतेकांना फॉर्म्युला वनची स्वप्नं पडत नाहीत. शनिवार-रविवार असा घालवणं त्यांना आवडतं, एवढंच. अशा हजारो हातांतून मग एखादा रोवान्पेरा निघतो. काल्ले रोवान्पेरा 2022 मध्ये, बावीस वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रॅलीचा सर्वांत तरुण विश्वविजेता झाला, आणि 2023 मध्ये त्यानं किताब राखला.

शिवाय इथे साध्या लायसनच्या अभ्यासक्रमातच निसरड्या रस्त्यावर आणि अंधारात गाडी कशी वागते याचं शिक्षण असतं. गाडी घसरली तर काय करायचं, हे शेजारच्या काकूंनाही शिकवलेलं असतं.

माझ्या मुलाला किंवा मुलीला कार्टिंग सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

आधी इनडोअर ट्रॅकवर भाड्याची कार्ट घेऊन बघा, आवड टिकते का ते कळेल. टिकली तर एस्पोतल्या बेम्बोले इथल्या कार्टिंग ट्रॅककडे वळा. रायकोनेनचा सुरुवातीचा काळ याच परिसरातला. तिथले क्लब नवख्यांना सांभाळून घेतात. नवी कार्ट घेऊ नका. सीझन संपताना, शरद ऋतूत, मोठ्या मुलांच्या कार्ट विकायला निघतात. आणि एक गोष्ट मनावर घ्या: इथे पालक स्वतः कार्ट खोलतात, साफ करतात, पुन्हा जोडतात, आणि मुलांकडूनही करून घेतात. हे काम नोकराचं किंवा मेकॅनिकचं, अशी समजूत घेऊन गेलात तर मूल मागे पडेल.

उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर जुन्या अमेरिकन गाड्यांची रांग लागते, ते काय असतं?

ते ‘स्तादिन क्रूझिंग’. उन्हाळ्याच्या महिन्यांत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुन्या गाड्यांचे मालक गाड्या बाहेर काढतात आणि शहरातून संथपणे फिरवतात. बघायला उत्तम जागा म्हणजे काइवोपुइस्तो बागेच्या खालचा समुद्रालगतचा रस्ता.

जूनमध्ये गेलात तर सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नाही. कॅडिलॅक, शेव्हरोले, ब्यूइक, त्यांच्यामागे मध्येच एखादी रंग उडालेली लाडा किंवा डॅटसन 100ए. सत्तरच्या दशकात ही छोटी डॅटसन फिनलंडमध्ये घराघरांत होती, त्यामुळे ती दिसली की कॅडिलॅककडे पाठ फिरवून आजोबा मंडळी तिच्याभोवती जमतात. मोठ्या व्ही-8 इंजिनाचा आवाज थांबलेल्या गाडीतूनही पायाखालच्या फरशीत जाणवतो. लांब मागच्या सीटवर तीन-तीन पिढ्या बसलेल्या असतात. आणि हातातल्या आइस्क्रीमकडे लक्ष ठेवा, इथले समुद्रपक्षी झडप घालून ते पळवतात, हे अजिबात अतिशयोक्त नाही.

पण अमेरिकन गाड्याच का? इथे तर रशिया शेजारी.

त्याचंच उत्तर त्यात आहे, असं मला वाटतं. युद्धानंतर गाड्यांच्या आयातीवर निर्बंध होते, ते 1962 मध्ये उठले. तोवर सामान्य माणसाच्या वाट्याला पूर्वेकडची, सोव्हिएत बनावटीची पोबेदा किंवा मॉस्कविच येई, तीही मिळाली तर. क्रोम लावलेली लांबलचक अमेरिकन गाडी ही चित्रपटात बघायची वस्तू. ज्या पिढीला ती तरुणपणी मिळाली नाही, तिनं पुढे पैसे साठवून ती आणली, आणि पुढच्या पिढीनं रॉक-अँड-रोलच्या वेडासकट ती उचलली.

या गाड्यांचे मालक श्रीमंत असतात हाही गैरसमज. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ट्रकचालक, नर्स. चार-पाच जण मिळून शहराच्या कडेला एखादी शेड भाड्यानं घेतात आणि अख्खा हिवाळा तिथे गाडीवर काम करतात. तीस वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘संग्रहालय वाहन’ म्हणून नोंदवता येते. कर-विम्यात सवलत मिळते, बदल्यात ती वर्षातून 30 दिवसच रस्त्यावर आणता येते. म्हणून तो शुक्रवार मालकांच्या दृष्टीनं इतका मोलाचा.

हिवाळ्याच्या शेवटी बघायचं असेल तर ईस्टरच्या सुट्टीत पासिलातल्या मेस्सुकेस्कुस प्रदर्शन केंद्रात अमेरिकन कार शो भरतो.

फोटो काढलेले चालतात का? बोलावं का?

फोटो खुशाल काढा. गाडीला हात मात्र विचारल्याशिवाय लावू नका. फिन माणूस स्वतःहून बोलत नाही, पण ‘हे इंजिन मूळचंच आहे का?’ एवढं विचारा आणि अर्ध्या तासाची तयारी ठेवा.

शहरात वेगमर्यादा किती, आणि मोडली तर?

राहत्या भागांत आणि मध्यवस्तीत बहुतेक ठिकाणी 30, मोठ्या रस्त्यांवर 40 किंवा 50. कॅमेरे आहेत. आणि वेग बराच जास्त असेल तर दंड तुमच्या उत्पन्नावर ठरतो. 2002 मध्ये नोकियाच्या एका संचालकाला हेलसिंकीत 50 च्या भागात 75 नं मोटारसायकल चालवल्याबद्दल 1,16,000 युरोंचा दंड झाला होता. पुढे उत्पन्नाचा हिशेब नव्यानं होऊन तो बराच कमी झाला, पण गोष्ट सगळ्या शहराला पाठ आहे.

याचा उपयोग होतो का? जुलै 2024 ते जुलै 2025 या बारा महिन्यांत हेलसिंकीच्या रस्त्यांवर वाहतूक अपघातात एकही माणूस दगावला नाही, असं शहर प्रशासनानं जाहीर केलं. साडेसहा लाखांहून मोठ्या वस्तीच्या राजधानीत! ज्या देशात रॅलीचे देव राहतात त्या देशाची ही राजधानी. मला यात विरोधाभास दिसत नाही. इथल्या खऱ्या चालकांना रस्त्यावर वेग दाखवायची गरजच वाटत नाही. त्यासाठी ट्रॅक आहे, गोठलेलं तळं आहे, शनिवार आहे.

पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर विजेचा खांब असतो. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी का?

मुळात नाही. तो इंजिन गरम करण्यासाठीचा. इंजिनात छोटा हीटर असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर येते, ती खांबाला जोडायची आणि टायमर लावायचा. सकाळी निघायच्या तास-दोन तास आधी तो सुरू होतो. उणे पंधरात थंडगार इंजिन थेट सुरू केलं तर झीज होते, पेट्रोल जास्त जातं आणि धूरही जास्त. गाडी जागेवर नुसती चालू ठेवून गरम करणं इथे चालत नाही: मर्यादा 2 मिनिटं, तापमान उणे 15 च्या खाली असेल तर 4 मिनिटं.

हिवाळी टायर खरंच सक्तीचे आहेत?

नोव्हेंबर ते मार्च, रस्त्याची स्थिती तशी असेल तर हो. खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे, हा इथला घरोघरचा वाद आहे. शहरातच राहणार असाल तर बिनखिळ्यांचे पुरतात. खिळ्यांनी डांबर खरवडून धूळ उडते म्हणून हेलसिंकीनं एका रस्त्यावर त्यांना बंदी घालून पाहिली आहे. दर शनिवार-रविवारी बाहेरगावी, लहान रस्त्यांवर जाणार असाल तर खिळ्यांचे घ्या. जुने-पुराणे, झिजलेले हिवाळी टायर स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. पैसे वाचवायचेच असतील तर गाडीच्या रंगात, म्युझिक सिस्टिममध्ये वाचवा.

भारतातल्या लायसनवर गाडी चालवता येते का?

पाहुणे म्हणून आलात तर भारतीय लायसन आणि सोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा, भाड्याची गाडी देणारे ते मागतातच. कायमचं राहायला आलात तर ठराविक मुदतीत फिनिश लायसन घ्यावं लागतं. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि परीक्षा टाळता आली तरी निसरड्या ट्रॅकवरचा सराव पैसे भरून करून घ्या. मुंबई-पुणे घाटात वीस वर्षं चालवलेल्या माणसालाही काळ्या बर्फाचा (डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फाचा) अनुभव नसतो.

रॅली फिनलंड बघायची आहे. हेलसिंकीहून कसं जायचं?

रॅलीचं केंद्र युवास्कुला, हेलसिंकीपासून साधारण 270 किलोमीटर. रेल्वेनं तीन-साडेतीन तास. एरवी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असते. मुक्कामाची सोय कित्येक महिने आधी करा. शहरातल्या टप्प्यापेक्षा जंगलातला टप्पा निवडा, त्यातही ओउनिनपोह्यासारखा, जिथे गाड्या टेकाडावरून हवेत उडतात. पहाटे निघा, दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी ठेवा, डासांचं मलम घ्या. दोरीच्या अलीकडे राहा आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते; झाडीतून आवाज चढत जातो, मग क्षणभर थांबतो. तेव्हा ती हवेत असते.

हेलसिंकीजवळ ट्रॅकवर शर्यत बघायला कुठे जावं?

हामेनलिन्नाजवळचं आहवेनिस्तो, सुमारे 100 किलोमीटरवर. 1967 सालचं सर्किट, टेकडीवर वळणावळणाचं, आणि चढउतार असे की टीव्हीवर कळतच नाहीत. देशी शर्यती असतात, तिकीट परवडतं, आणि पिटमध्ये फिरता येतं. इत्ती इथलं कीमिरिंग नवं आणि मोठं आहे. मोटारसायकलींची जागतिक मालिका मोटोजीपी तिथे येणार येणार म्हणत शेवटी आलीच नाही. मला निवडायला सांगाल तर आहवेनिस्तो, डोळे मिटून.

जुन्या रॅली गाड्या जवळून बघायच्या असतील तर?

ताम्पेरेजवळ कांगासाला इथलं मोबिलिया संग्रहालय. रॅलीसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. हेलसिंकीहून एका दिवसात जाऊन येता येतं. सोमवारी निघायच्या आधी उघडं आहे का ते बघून घ्या, हिवाळ्यात वेळा बदलतात.